दिवंगत चान हिच्यासाठी

१

चिठ्ठ्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी सेंगला सकाळपासून ओसरीवर टोपल्या भरत बसली होती. दर वर्षी भरायची तशाच. बांबूची टोपली, आत केळीचं पान, पानावर तांदूळ, मीठ, मिरच्या, सुका मासा, काड्यापेटी, मेणबत्ती, नारळ घालून उकडलेल्या चिकट भाताच्या वड्या आणि शेवटी मियांगचा विडा. मियांग म्हणजे आंबवलेली चहाची पानं. मीठ-आलं लावून गालात धरली की उत्तर थायलंडच्या नान प्रांतातल्या म्हाताऱ्यांचा दिवस सरतो.

घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसामागे एक टोपली आणि प्रत्येक टोपलीमागे एक चिठ्ठी. उद्या विहारात साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या कालवून भिक्खूंपुढे वाटणार. ज्याच्या वाट्याला जी येईल ती त्याने मोठ्याने वाचायची, टोपली घ्यायची, आशीर्वाद द्यायचा आणि चिठ्ठी मेणबत्तीवर धरायची. चिठ्ठी जळली की दिलेलं पोचलं. मजकूरही ठरलेला होता. ‘श्रद्धाळू सेंगला, दिवंगत अमक्यासाठी.’ घरात कुणी थकलेलं माणूस असेल तर त्याच्याही नावाने एक टोपली देतात, पण तिथे ‘दिवंगत’ लिहायचं नाही. ‘अमकीच्या पुढल्या वाटेसाठी राखून’ असं लिहायचं.

थोरली बहीण फयोम बँकॉकहून आली होती. दर वर्षी ती दोन दिवस यायची, दोनशे फोटो काढायची आणि जाताना बहिणीला आईची काळजी कशी घ्यावी ते समजावून जायची.

“मासा असा वर कशाला ठेवतेस? फोटोत घाण दिसतो,” फयोम म्हणाली.

“फोटोतला मासा तुझा, ताई. टोपलीतला बाबांचा आहे.”

“किती टोचून बोलतेस गं. अगदी आईवर गेलीयेस.”

“माझ्यावर कुणी गेलेलं नाही,” आतून आईचा आवाज आला. “सेंगला, कूस.”

सेंगला उठली, आत जाऊन आईची कूस बदलून आली. आईचं नाव चान, गाव तिला उई चान म्हणायचं, म्हणजे चान आजी. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिचे हातपाय गेले. जीभ तेवढी राहिली, आणि चौघींना पुरून उरेल एवढी राहिली.

या गावात घर धाकटीला मिळतं, आणि घराबरोबर आईबापही. फयोम थोरली म्हणून सुटली. सेंगलाचा नवरा वारला, वय सत्तेचाळीस झालं, आणि डोंगरापलीकडे संत्र्याची बाग असलेला दुआंगदी नावाचा विधुर चार वर्षं तिची वाट बघत होता. आई गेल्याशिवाय धाकटीने घर सोडायचं नसतं. त्या सकाळीच त्याचा फोन आला होता.

“यंदाची तोडणी बघायला येशील ना?” तो म्हणाला. “मी रागावत नाही. पण मीही काही विशीचा नाही.”

टोपल्या अकरा होत्या, दहा गेलेल्यांच्या आणि अकरावी आईची. दहा चिठ्ठ्या लिहून हाताला लय लागली होती. आतून हाक आली, “सेंगला, पाणी.” पाणी देऊन आली. “सेंगला, माशी.” माशी हाकलून आली. बसली आणि अकरावी लिहिली. लिहून झाल्यावर तिने वाचली. ‘श्रद्धाळू सेंगला, दिवंगत चान हिच्यासाठी.’

हाताची चूक होती. कागद फाडून दुसरी लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. सेंगलाने चिठ्ठीकडे पाहिलं, आत पाहिलं, आणि चिठ्ठी बाकीच्या दहांखाली सरकवली.

विडे बांधायच्या बांबूच्या सळ्या संपल्या होत्या, म्हणून आईच्या टोपलीतला विडा तिने मागावरच्या लाल दोऱ्याने बांधला.

२

विहाराच्या पटांगणात दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, टोपल्यांवर कागदी झेंडे फडफडत होते, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या नावाने चारी बाजूंनी हाका चालल्या होत्या. फयोम नागाच्या तोंडाच्या पायऱ्यांवर उभी राहून पाहुण्यांचे फोटो काढत होती. सेंगलाच्या दहा चिठ्ठ्या एकेक करून निघाल्या. अकरावी थोरल्या भन्तेंच्या वाट्याला गेली.

थोरले भन्ते ऐंशीच्या पुढचे. चिठ्ठी नाकाला लावून ते सावकाश वाचत. “श्रद्धाळू सेंगला. दिवंगत चान हिच्यासाठी.”

टोपली पुढे सरकवताना सेंगलाचे कान तापले. आता बोलावं, हसून म्हणावं की भन्ते, हात चुकला. तिने तोंड उघडलंही. पण भन्तेंनी चिठ्ठी ज्योतीवर धरली होती. कागद काळा झाला, वळला आणि राख ताटलीत पडली. तिने लहान गडूतलं पाणी धार धरून ओतलं, जसं गेलेल्यांसाठी ओततात तसं.

मागे शेजारीण इंपन उभी होती.

“काय गं, उई गेल्या?” इंपनने दबक्या आवाजात विचारलं. “कधी?”

“नाही गं. लिहिताना चुकलं.”

“बघ बाई. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात,” इंपन म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. सेंगलाही हसली. तिला वाईट वाटलं नाही, मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लाज वाटली.

३

घरी आली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. आईला भरवायची वेळ टळून गेली होती आणि आता शिव्या ऐकायच्या या तयारीने सेंगला भाताची वाटी घेऊन आत गेली.

आई भिंतीकडे तोंड करून शांत पडली होती.

“आई, जेव.”

“जेवले,” आई म्हणाली.

“कोणी भरवलं?”

सेंगला वाकली. खोलीत मियांगचा वास होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी मियांग बंद केलं होतं, आणि घरात होतं नव्हतं ते सगळं टोपल्यांत गेलं होतं. आईचा गाल फुगलेला होता. सेंगलाने बोटाने ओठ बाजूला केला. हिरडीवर ओल्या हिरव्या पानाचा लगदा होता, आणि ओठाच्या कोपऱ्याला वीतभर लाल दोरा चिकटला होता.

फयोमने दिलं असेल. पण फयोम तिच्याबरोबरच परतली होती. इंपन येऊन गेली असेल. पण इंपन अजून विहारात भांडी घासत होती. सेंगला तशीच निघाली आणि विहाराच्या मागच्या सोप्यात टोपल्यांची रास उपसू लागली. आपल्या टोपल्या तिने मासा ठेवायच्या पद्धतीवरून ओळखल्या आणि त्यांतून आईची वेगळी काढली. विडा जागच्या जागी होता. लाल दोऱ्याची गाठही तिनेच मारलेली, तशीच. तिने गाठ सोडली आणि एक पान तोंडात टाकलं.

पानाला चव नव्हती. आंबट नाही, खारट नाही. भिजवलेल्या कागदासारखं ते दातांखाली आलं. जुनं मियांग असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण ते तिने परवाच मडक्यातून काढलं होतं, आणि काढताना चाखलंही होतं.

४

फयोम बँकॉकला गेली. तीन दिवस आई जेवली नाही आणि तीन दिवस तिने मागितलंही नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती भूक भूक म्हणून ओरडायला लागली. सेंगलाने मऊ भात कालवून भरवला. घास तोंडात गेला, आणि जसा गेला तसाच ओठांतून बाहेर आला. गिळायचं आई विसरली होती की काय. पाणी घातलं तर तेही उशीवर. आई रडत नव्हती, नुसती सेंगलाकडे बघत एकसुरात भूक भूक म्हणत होती, आणि हे दुसरा दिवस उजाडेपर्यंत चाललं.

सकाळी भिक्खू भिक्षेला आले. सेंगला रोजच्यासारखी दारात गुडघे टेकून बसली, पात्रात मूठभर भात घातला आणि गडू घेऊन वडिलांच्या नावाने पाणी सोडू लागली.

“माझं नाव घे,” आतून आई म्हणाली.

सेंगलाचा हात थांबला. “काय म्हणालीस?”

“माझं नाव घे. आणि पुढे काय लावायचं ते लाव.”

दारातले भिक्खू खाली मान घालून आशीर्वाद म्हणत होते. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. सेंगलाने ओठातल्या ओठात म्हटलं, “दिवंगत चान हिच्यासाठी,” आणि पाणी ओतलं.

आत आईने तृप्त ढेकर दिला.

त्या दिवसापासून तेच चालू झालं. घास नाही, पाणी नाही. सकाळी दारात एक मूठ आणि ते तीन शब्द. आठवड्याने आरोग्य केंद्रातली बाई वजन करायला आली. तिने उईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, यंत्राकडे बघितलं, पुन्हा फुगवला.

“बॅटरी गेली वाटतं,” ती म्हणाली. मनगट चाचपून पाहिलं, घड्याळाकडे बघत राहिली, मग दुसरं मनगट घेतलं. “काय उई, तुमची नाडीसुद्धा कामचुकार झाली.”

“तू चुकार. माझी काही चुकत नाही,” आई म्हणाली.

बाई हसली आणि नाडी-रक्तदाबाचे मागच्या महिन्याचेच आकडे वहीत उतरवले. “दोन किलोंनी वाढल्यात,” जाताना ती दारात सेंगलाला म्हणाली. “काय घालतेस गं? नशीबवान आहे म्हातारी. शंभरी गाठणार बघ.”

ती गेल्यावर सेंगला पायरीवर बसून राहिली. आईची उजवी बोटं सकाळपासून चादरीवर ताल धरत होती. चार वर्षांत ती हलली नव्हती.

५

“कळलं ना तुला?” एका दुपारी आईने विचारलं. सेंगला तिचे केस विंचरत होती.

“काय?”

“मला आता मरायचं राहिलंच नाही. तू आधीच पाठवलंस.” आईच्या आवाजात राग नव्हता. उलट बाजारात सौदा जमल्यावर असते तशी मजा होती. “हुशार मुलगी. धाकटी मुळात हुशारच असते.”

सेंगलाच्या हातातला कंगवा थांबला. तिच्या मनात चार वर्षं साचलेलं होतं, त्याला त्या क्षणी तोंड फुटलं. ती मुकाट उठली, शेजारची उशी घेतली, आईच्या तोंडावर ठेवली आणि दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. बाहेर इंपनचा रेडिओ लागला होता. एक गाणं संपलं, खताची जाहिरात झाली, दुसरं गाणं संपलं. आई खाली हलली नाही, धडपडली नाही. सेंगलाच्या हातांना मुंग्या आल्या तेव्हा तिने उशी उचलली.

आईचे डोळे उघडे होते. तिने फक्त पापण्या मिटून उघडल्या.

“झालं?” ती म्हणाली. “आता हा अभ्रा तेवढा बदल. घामट झालाय तुझ्या हातांनी.”

सेंगलाने अभ्रा बदलला.

६

ती थोरल्या भन्तेंकडे गेली. ते झाडाखाली बसून पाणी पीत होते. तिने आडून विचारलं, कुणी चिठ्ठीत चुकीचं लिहिलं तर.

“चुकीचं कसं? दान चुकत नाही,” भन्ते म्हणाले.

“म्हणजे माणूस असताना नसल्यासारखं लिहिलं तर, भन्ते.”

भन्तेंनी भांडं खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांना दिसत कमी होतं, पण तिला वाटलं, दिसतंय. “दिलेलं पोचतं,” ते म्हणाले. “पोचलेलं परत मागता येत नाही. देणाऱ्याने देत राहावं.”

परतताना नदीच्या बांधावर सेंगलाने निश्चय केला. जी मरणार नाही तिच्या मरणाची वाट कशाला बघायची? रोजची मूठ इंपनही घालील, नाव घ्यायला सांगितलं की झालं. हा सण प्रत्येक विहारात वेगळ्या दिवशी असतो; तीन आठवड्यांनी नदीकाठच्या मोठ्या विहारात तो होता आणि त्याच दिवशी होड्यांच्या शर्यती. दुआंगदी शर्यती बघायला येणार होता. तिने त्याला फोन केला.

“पिकअप घेऊन ये,” ती म्हणाली. “मी परत जायची नाही.”

“आणि उई?” त्याने विचारलं.

“उई मजेत आहे.”

७

शर्यती म्हणजे फयोम आलीच, तीही आदल्या दिवशी. सकाळी ती आईच्या खोलीत दार लोटून बसली होती आणि आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. सेंगलाला आत बोलावलं नाही. तिने आपले चार कपडे टोपल्यांखाली दडपले होते आणि आतल्या हसण्याकडे लक्ष द्यायला तिला फुरसत नव्हती. निघताना तिने आईकडे पाहिलं. आई उजव्या हाताने स्वतःच्या अंगावरची माशी हाकलत होती.

“जाऊन ये,” आई म्हणाली.

मोठ्या विहारात हल्ली पाहुण्यांची गर्दी फार, म्हणून समितीने आदल्या दिवसापासूनच दाराशी मेज टाकून छापील चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. दोन रिकाम्या जागा भरायच्या, की काम झालं. सेंगलाने आपल्या टोपल्या उतरवल्या आणि चिठ्ठ्या दिल्या. नदीकडून होड्यांच्या ढोलाचा आवाज येत होता. पिंपळापाशी पांढरा पिकअप उभा होता, आणि टपाला टेकून उभा असलेला दुआंगदी तिच्याकडे बघून हसला. सेंगलाही हसली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं वय कमी वाटलं.

ती गर्दीतून निम्मी वाट गेली असेल.

“श्रद्धाळू चान,” मागे एका तरुण भिक्खूचा खणखणीत आवाज आला. “दिवंगत सेंगला हिच्यासाठी.”

सेंगला वळली. मंडपाच्या त्या टोकाला फयोम गुडघे टेकून बसली होती, पुढ्यात सजवलेली टोपली, आणि मान वळवून बहिणीला शोधत होती. सेंगला लोकांना ढकलत निघाली. कुणाच्या तरी टोपलीवर तिचा पाय पडला. “अहो भन्ते, थांबा,” ती म्हणत होती, “थांबा, मी आहे,” पण ढोलात तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. ती पोचली तेव्हा ताटलीत राख होती.

“अगं, आलीस होय?” फयोम आनंदाने म्हणाली. “तुला सांगायचं नव्हतं. आईनेच म्हटलं, धाकटीने माझं इतकं केलं, तिच्या नावाने एक टोपली दे. पुढल्या वाटेसाठी गं. मला बाई रडूच आलं.”

“काय लिहिलंस तू?”

“दोन नावं. काल येता येता चिठ्ठी इथूनच घरी नेली होती. बाकी छापलेलंच होतं. आईने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं, बघ तरी, हात चालायला लागला तिचा.” फयोमने फोन पुढे केला. फोटोत कापऱ्या अक्षरातलं आईचं नाव होतं, फयोमच्या गोल अक्षरातलं तिचं, आणि मधला तो छापील शब्द. “आणि वड्या आईनेच बसून वळल्या काल, तू विहारात होतीस तेव्हा. नारळ जरा जास्त पडलाय.”

८

दुआंगदीने पिकअपचं दार उघडून दिलं. सेंगला बसली. कागदावरचा एक शब्द, तो काय करणार, असं ती स्वतःला सांगत होती, आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

“एवढी पांढरी का पडलीस? काही खाल्लं नाहीस सकाळपासून,” दुआंगदी म्हणाला. त्याने खिशातून हंगामातलं पहिलं संत्रं काढलं, सोललं आणि एक फोड तिच्या हातावर ठेवली. “घे. आपल्या बागेचं.”

तिने फोड तोंडात टाकून दात दाबले. रस आला, पण त्याला चव नव्हती. गिळायला गेली तर घसा कुठे आहे ते सापडेना. फोड ओठांतून परत आली आणि मांडीवर पडली. तिला भूक नव्हतीच. तिच्या तोंडात कुठून तरी उकडलेल्या चिकट भाताची गोडी भरून आली होती. नारळ जरा जास्त होता.

“आंबट आहे का?” दुआंगदीने काळजीने विचारलं.

सेंगलाने त्याच्याकडे बघितलं. याला सांगता येईल. रोज सकाळी दारात बस, मूठभर भात घाल आणि माझ्या नावाआधी तो शब्द म्हण. चांगला माणूस आहे, म्हणेलही. पहिल्या दिवशी म्हणेल, दुसऱ्या दिवशी म्हणेल, आणि मग एक दिवस आपल्याकडे वळून बघेल. फयोम उद्याच्या गाडीने जाणार. सेंगलाच्या नावाने रोज न चुकता देणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला आता हात आले होते.

तिने मनगटावर बोट ठेवलं. ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

“मला घरी सोड,” ती म्हणाली.

“घरी म्हणजे माझ्याकडे ना?”

“नाही.”

तो पुष्कळ बोलला. शेवटी तिला तिच्या दारात उतरवून निघून गेला. ऊन कललं होतं. इंपनचा रेडिओ चालू होता. सेंगला पायऱ्या चढली, पाय धुतले आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आई भिंतीला टेकून बसली होती. बिछान्यावर तिने बाजूला थोडी जागा करून ठेवली होती.

“आलीस?” आई म्हणाली. “मी म्हटलंच येशील. मला आता मरण नाही. तू मधेच गेलीस तर माझं कोण बघणार, हा घोर लागला होता.” तिने चादर नीट केली. “जेवलीस?”

“जेवले,” सेंगला म्हणाली.